काहिलीतून समुद्राकडे

किसनअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोरड्या गोदावरीच्या वाळूत. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. पात्रात पाण्याचा टिपूस नव्हता, आणि हा गृहस्थ पात्राच्या मधोमध गूळ करायच्या काहिलीत मांडी घालून बसला होता. हातात बांबू. बांबूने तो वाळू मागे ढकलत होता. समोर त्याच काहिलीत लिंबाजी पाटील, डोक्याला पटका, हातात दुसरा बांबू, तोही तेच करत होता. दोघं घामाने चिंब झाले होते आणि काहील तसूभरही हलत नव्हती.

मी घनसावंगीजवळच्या त्या गावी शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. मूळचा मंठ्याकडचा, कुणब्याचा, म्हणजे वेडेपणा मला अगदीच नवा नव्हता. तरी मी थांबलो. अण्णांनी बांबू खाली ठेवला आणि विचारलं, "सर, पोहता येतं का?"

मी नाही म्हणालो.

"मंग बसा. हितं बुडायचं भेव न्हाई. शिकायला ह्याच्यापेक्षा चांगली नदी भेटायची न्हाई."

मी बसलो. का बसलो हे मला आजही सांगता येत नाही. अण्णांच्या सांगण्यात एक सरकारी ठामपणा असायचा. ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. उधळलेल्या वळूला ज्या आवाजात ते "उभा ऱ्हा" म्हणायचे, त्याच आवाजात माणसांनाही सांगायचे, आणि वळूसारखीच माणसंही ऐकायची.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची पसरट लोखंडी कढई. मोठी असली तर सहा माणसं मावतात. गोदाकाठी पूर आला की हीच काहील नाव होते. सगळ्यांनी कडेने गोल बसायचं, तोंडं आत करायची, गुडघ्याला गुडघा लावायचा आणि वल्हवत पलीकडे जायचं. त्या वर्षी ऊसच नव्हता, गुऱ्हाळ बंद, पूर तर स्वप्नातही नाही. लिंबाजी पाटलांची काहील रिकामी पडली होती म्हणून अण्णांनी ती मागून घेतली होती. कशासाठी, तर समुद्रात होड्या वल्हवायच्या सहलीच्या सरावासाठी.

"कुठल्या समुद्रात?" मी विचारलं.

"ते अजून ठरायचंय," अण्णा म्हणाले. "पण समुद्राला दुष्काळ नसतो, ते बराबर हाय ना?"

तिथे बसलेल्यांपैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता.

सराव संपल्यावर आम्ही काहील बैलगाडीत घालून पाटलांच्या गुऱ्हाळावर पोचवली. तिथे लिंबाजींच्या आई, अक्काबाई, बसलेल्या होत्या. पाटील घराण्याचा कारभार त्यांच्याच हातात होता. काहील उतरली, अण्णा बाजूला झाले, आणि अक्काबाईंनी नुसती मान हलवली. गड्याने राख घेतली, विटेचा चुरा घेतला आणि काहील आतून घासायला लागला. मग त्यावर गोमूत्र शिंपडलं. मग पिण्याच्या पाण्याची एक अख्खी घागर ओतली. गावात टँकरच्या पाण्यासाठी मारामाऱ्या चालल्या होत्या त्या दिवसांतली ही घागर. काहील कोरड्या वाळूतून आली होती, तिला चिखलाचा ठिपकाही नव्हता. तिच्यात किसनअण्णा बसले होते एवढंच, आणि किसनअण्णांच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली असली, तरी अक्काबाईंच्या हिशेबी त्याने काही फरक पडलेला नव्हता.

अण्णा हे सगळं उभे राहून पाहत होते. रागाने नाही. जनावराला इंजेक्शन दिल्यावर गुण येतो का ते पाहावं, तसे. लिंबाजी मात्र खाली बघत होते. हे दोघं लहानपणापासूनचे जिवलग. एकत्र ढोरं राखलेली, एकत्र मार खाल्लेला.

परतताना अण्णा मला म्हणाले, "सर, एक बघितलं का? गोदावरी माझ्यानं बाटत न्हाई म्हणतात, गंगाच ती. पण काहील बाटती. मंग समुद्रातली होडी बाटती का न्हाई? ह्याची तपासणी कुणी केलेलीच न्हाई."

"म्हणून सहल?"

"म्हणून. मला समुद्राचं काय बी कौतुक न्हाई. मला लिंबासंगं एका होडीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं हाय आन उतरल्यावर बघायचं हाय, ती होडी कुणी घासतंय का. एकदा बघितलं की झालं. मंग मी मरायला मोकळा."

हे ते हसत म्हणाले. पण मला त्या दिवशी कळलं, की हा माणूस समुद्रावर जाणार म्हणजे जाणार.

मग पुढची दीड-दोन वर्षं आम्ही सहलीचं नियोजन केलं. आमची टोळी सहा जणांची झाली. अण्णा, लिंबाजी, मी, टेलर रहीमभाई, ग्रामसेवक आणि पोस्टातला एक जण. बैठका दवाखान्याच्या मागच्या पडवीत व्हायच्या, जिथे आजारी म्हशी बांधलेल्या असत. अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आदी ताप बघू, मंग औषध." म्हणजे घाई करायची नाही, आधी माहिती काढायची. माहिती काढायला आमच्याकडे होता अंबडच्या डेपोतला एक ड्रायव्हर, ज्याने काही वर्षं कोकणात गाडी चालवली होती. त्याने सांगितलं, समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो आणि दोनदा परत येतो.

यावर बराच वेळ चर्चा झाली. मागे जातो म्हणजे कुठे जातो? ग्रामसेवकाचं म्हणणं, इतका समुद्र मावायला पलीकडे जागा पाहिजे. अण्णांनी निकाल दिला, "कुठं बी जाऊ द्या. आपण गेल्यावर तो घरी पाहिजे, बस्स." तेव्हापासून आमच्यात भरतीला 'समुद्र घरी असताना' असंच म्हणायची रीत पडली.

शिदोरीवर वाद झाला नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि अण्णांच्या घरचा ठेचा. वाद झाला पाण्यावर. अण्णा म्हणाले, प्रत्येकाने पिण्याचं पाणी न्यायचं. लिंबाजी चिडले. "पाण्यावर चाललो ना आपण? मंग पाण्यावर पाणी कशाला न्यायचं? लोक हसतेन." समुद्राचं पाणी खारट असतं हे त्यांना मी शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खारट म्हणजे किती? आपल्या परड्यातल्या हिरीचं बी मचूळच हाय. आपण पितोच की."

पाऊस झाला, नदीला पाणी आलं, आणि आमचा सराव खऱ्या पाण्यात सुरू झाला. कोरड्या वाळूत आम्ही शिकलेलं सगळं चुकीचं निघालं. वाळूत काहील हलत नव्हती, पाण्यात ती थांबेना. कुणीही कसंही वल्हवलं तरी जागच्या जागी गरागरा फिरायची. लिंबाजी बैलांना देतात त्या सगळ्या हाळ्या देऊन पाहायचे. शेवटी अण्णांनी युक्ती काढली. समोरासमोरच्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहत, एकाच ठेक्यावर, आपापल्या अंगाकडे वल्हं ओढायचं, की फिरणं बंद. पुढे काहील नदीच्या धारेने आपोआप जायची. आम्हाला वाटायचं आपणच नेतोय. या पद्धतीचा आम्हाला फार गर्व झाला.

आणि दर खेपेला, काहील परत गेली की अक्काबाईंची मान हलायची आणि गडी राख आणायचा. एकदा ऐन नदीत काहिलीच्या तळाच्या एका खिळ्याजवळून पाणी यायला लागलं. लिंबाजी पटका सोडून पाणी उपसत होते, रहीमभाई खुदाचं नाव घेत होते. अण्णा शांतपणे भोकावर अंगठा दाबून म्हणाले, "लिंबा, अक्काला सांग. माझ्यामागं घासू-घासू तळ पातळ होऊन राह्यलाय. मी न्हाई बुडलो तर त्यांचा पोरगा बुडंल."

लिंबाजींनी ते सांगितलं. अक्काबाईंनी लोहाराकडून ठिगळ मारून घेतलं, आणि ठिगळावरून घासायला गड्याला काथ्या दिला.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. गाड्या बदलत, टपावर वल्ही बांधून. वल्ही आमची आम्ही सुताराकडून करून घेतली होती, कारण अण्णांच्या मते दुसऱ्याच्या वल्ह्याने आपला हात चालत नाही. प्रत्येक स्टँडवर लोक विचारायचे, हे काय. लिंबाजी सांगायचे, "शेतीचं औजार."

समुद्र घरी होता. आम्ही कोळीवाड्याच्या मागच्या वाटेने उतरलो आणि तो एकदम समोर आला. आमच्याकडे एवढ्या मोठ्या गोष्टीला बोलायची भाषाच नव्हती. बऱ्याच वेळाने लिंबाजी म्हणाले, "ह्याला बांध न्हाई." आणि जमिनीच्या माणसाने समुद्राबद्दल याहून नेमकं काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

ड्रायव्हरच्या ओळखीचा नाखवा आमची वाट पाहत होता. त्याच्याकडे लाकडाच्या अरुंद होड्या होत्या. एकेक दोन माणसांपुरती, तोल राहावा म्हणून एका अंगाला ओंडका बांधलेला. तीन होड्या, सहा माणसं. बेत असा, की किनाऱ्याला धरून पलीकडच्या खडकाळ टोकापर्यंत जायचं, तिथे जेवायचं आणि समुद्र घरातून निघायच्या आत परत यायचं. अण्णा आणि लिंबाजी एका होडीत. हे तर वाळूत बसल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

आम्ही बसलो. नाखवाने होड्या पाण्यात ढकलल्या. आम्ही सरावाप्रमाणे, एका ठेक्यावर, जोर लावून वल्ही ओढली. होड्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही आणखी जोर लावला. किनाऱ्यावर बायका-पोरं जमली. नाखवा कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि मग पाण्यात उतरून आमच्याजवळ आला.

"अवं, तुमी दोघं दोघं एकमेकांची तोंडा बघत काय बसलाव? एक इकडं वढतंय, एक तिकडं वढतंय. होरी बिचारी जाईल कुठं?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. काहिलीत तोंडाला तोंड करूनच बसतात, म्हणून आम्ही होडीतही तसेच बसलो होतो. दोन वर्षांचा आमचा सगळा सराव एकमेकांना अडवून धरण्याचा होता. बाकीच्या दोन होड्यांतली माणसं मुकाट्याने वळून बसली. लिंबाजी मात्र वळेनात. "अण्णाकडं पाठ करून बसू? आजवर कधी बसलो न्हाई."

"मंग मी करतो पाठ," अण्णा म्हणाले.

"तू बी न्हाई करायची."

समुद्र तिथे ताटकळत उभा होता आणि हे दोघं पाठ कुणी करायची यावर भांडत होते. शेवटी नाखवाने लिंबाजींच्या खांद्याला धरून त्यांना गर्रकन फिरवलं, आणि होडी चालू लागली.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांपैकी आहे. लाटा बारीक होत्या. होडी चढायची, उतरायची. रहीमभाई प्रत्येक लाटेला "आओ मेहरबान" म्हणायचे. टोकाजवळ आम्ही तिन्ही होड्या एकमेकींना धरून पाण्यातच जेवलो. एकाच फडक्यावरच्या दशम्या, एकच ठेचा. लिंबाजींनी अर्थातच पाणी आणलेलं नव्हतं. ठेचा अण्णांच्या घरचा, म्हणजे जिभेला जाळ. लिंबाजींनी एकदा समुद्राकडे पाहिलं, ओंजळ भरून तोंडाशी नेली, थुंकली, आणि मागे हात करून अण्णांचा तांब्या घेतला. गटागटा प्यायले. तांब्या परत दिला. मीच उगाच दुसरीकडे पाहिलं.

परतताना वारा वाढला. होड्या जरा जोरात झुलायला लागल्या. लिंबाजी पिवळे पडले, मग होडीच्या तळाशी सगळी दशमी, चटणी आणि ठेचा त्यांनी परत केला. अण्णांनी एका हाताने वल्हवत दुसऱ्या हाताने त्यांची मान धरून ठेवली. किनाऱ्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

आम्ही वाळूत उतरलो. नाखवाने होड्या वर ओढल्या. दोन तशाच ठेवल्या. मग त्याने करवंटी घेतली, मूठभर राख घेतली आणि अण्णांची होडी आतून घासायला लागला.

आमच्यातलं कुणी हललं नाही. लिंबाजी वाळूकडे पाहायला लागले, जसे ते गुऱ्हाळावर पाहायचे. अण्णांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, ना आधी ना नंतर. त्यांना नाखवाला विचारायचं नव्हतं हे मला दिसत होतं. पण ते तपासणीला आले होते. ते पुढे गेले.

"नाखवा," ते हळूच म्हणाले, "हीच होडी का घासून राह्यले?"

नाखवाने वर पाहिलं. "अवं, त्या पाटलांनी ओकून ठेवलाय ना! वास जाल काय तसाच?"

अण्णा तिथेच बसले. पुढची लाट त्यांच्या धोतरात शिरली तरी उठेनात. आधी मला वाटलं ते रडतायत. ते हसत होते. खोकला येईपर्यंत, श्वास लागेपर्यंत हसत होते. "लिंबा," ते कसेबसे म्हणाले, "तुझ्यानं बाटली रे होडी. पाटलानं बाटवली." रहीमभाईही हसायला लागले, मी हसायला लागलो. फक्त लिंबाजी हसले नाहीत. ते नाखवाजवळ गेले, त्याच्या हातातून करवंटी घेतली आणि वाकून स्वतः होडी घासू लागले. कुणालाही हात लावू दिला नाही.

परतीच्या सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले. "घाण वाटती रे अण्णा, आपल्यामागं कुणी घासायला लागलं की."

"हो," अण्णा म्हणाले, "वाटती."

त्या वर्षी ऊस चांगला होता. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही जुन्या सवयीने काहील नदीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत नेऊन चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, ठेवली. अक्काबाईंची मान हलली. गडी राख घेऊन आला. आणि लिंबाजी पाटील, गावचे प्रतिष्ठित, पटका सावरत काहिलीत चढले आणि मांडी घालून बसले.

"ऊठ," अक्काबाई म्हणाल्या.

"न्हाई."

"काहील घासायची हाय."

"माझ्यासकट घासा."

दुपार झाली. अक्काबाईंनी जेवायचं ताट काहिलीत पाठवलं. त्यांनी ते तिथेच खाल्लं. उसाचा रस पिंपात भरून तयार होता आणि गूळ करणारा कारागीर, ज्याला आमच्याकडे गुळव्या म्हणतात, तो दर घटकेला येऊन सांगत होता की रस आंबेल. शेवटी त्यानेच अण्णांना निरोप धाडला. अण्णा दवाखान्यातून तसेच आले.

"लिंबा, ऊठ. आयुष्यभर काहिलीत बसणार का?"

"बसतो."

अण्णांनी अक्काबाईंकडे पाहिलं. "अक्का, तुमी घासा खुशाल. पण ह्या खेपेला लिंबाच्या नावानं घासा. समुद्रावर होडीभर ओकलाय ह्यो."

अक्काबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा अण्णांशी सरळ बोलल्या. "ओकला? काय खाल्लं हुतं?"

"ठेचा. आमच्या घरचा."

"त्याला ल्हानपणापासून तिखट सोसत न्हाई. आन गाडीत बसलं की उलटी. त्याच्या मामाच्या लग्नाला, अंबडपर्यंत धा ठिकाणी गाडी थांबवली. डोकं धरायला कुणी हुतं का?"

"मी हुतो की."

"कपाळावर हात ठिवला हुता का? कपाळ धरावं लागतं त्याचं."

"मान धरली हुती."

"मान न्हाई, कपाळ," अक्काबाई म्हणाल्या आणि कपाळ कसं धरायचं ते दाखवायला त्यांनी काहिलीशी येऊन लेकाचं कपाळ धरलं. लिंबाजी, वय चाळीसच्या पुढे, लाजून उठले आणि काहिलीबाहेर आले. तेवढ्याची वाट बघत असलेल्या गुळव्याने कुणालाही न विचारता रसाची पिंपं काहिलीत ओतायला सुरुवात केली. अक्काबाई वळून पाहतात तो काहील अर्धी भरलेली. जाळ लागलेला. ओतलेला रस काढून टाका म्हणणारी शेतकऱ्याची बाई अजून जन्माला यायची आहे.

गाव त्या दिवशी बदललं असं मी म्हणणार नाही. पाणवठे वेगळे होते ते वेगळेच राहिले, आणि पुढे अण्णांची बदली झाली ती सुद्धा कुणाच्या तरी तक्रारीवरून. अण्णांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण त्या संध्याकाळी मी तिथे होतो, आणि जे झालं ते झालं.

पहिल्या आधणाचा गूळ अक्काबाई स्वतः चाखायच्या. त्यांनी होय म्हटल्याशिवाय तो साच्यात जात नसे. गुळव्याने उलथण्यावरून त्यांच्या तळहातावर ऊन ऊन गूळ ठेवला. त्यांनी तो बराच वेळ फुंकला. आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी चिमूट तोडून तोंडात घातली, तोंड हलवलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जरा खारट लागून राह्यलाय," त्या म्हणाल्या. "समुद्राचं काय तरी चिकटलं वाटतं ह्याच्या बुडाला." मग तळहात तसाच अण्णांपुढे धरला. "किसन्या, तू बघ. तू जाऊन आलास."

अण्णांनी त्यांच्या तळहातावरून गूळ उचलला. तोंडात घातला, डोळे मिटले. "खारटच हाय अक्का," ते म्हणाले.

घरी येताना वाटेत मी विचारलं, "अण्णा, खरंच खारट होता?"

"आता कसं सांगू सर," ते म्हणाले. "डोळ्यातलं पाणी तोंडात आल्तं."